रोजावर की उक्तं? तासावर सॉफ्टवेअर करून घेताना पैसे नेमके कशाचे जातात

गेल्या आठवड्यात घणसोलीला संध्याकाळची ठाणे लोकल पकडली आणि डब्यात शाळेतली मैत्रीण भेटली. फिजिओथेरपिस्ट आहे ती, नौपाड्यात एक आणि मानपाड्याला एक अशी दोन क्लिनिक चालवते, आणि आता पेशंटच्या घरी जाऊन ट्रीटमेंट देणाऱ्या मुलीही ठेवल्यात. तिला अपॉइंटमेंटचं आणि या होम व्हिजिटचं ॲप करून घ्यायचंय. बसल्या बसल्या मोबाइलवर कोटेशन काढून दाखवलं आणि म्हणाली, "अगं हे बघ ना, पाच पानं पाठवलीत पण एकूण किती लागणार ते कुठेच नाही, नुसता तासाचा रेट. हे काय कोटेशन झालं? उद्या कितीही तास लावतील."

रबाळे, ऐरोली, दिघा गाव आणि मग ठाणे, तेवढ्या वेळात जमेल तेवढं सांगितलं पण अर्धंच झालं. मी चौदा वर्षं महापेला सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये काम करतेय, आधी टेस्टर होते आता प्रोजेक्ट मॅनेजर आहे, म्हणजे अशी कोटेशनं मीच बनवते, तेव्हा म्हटलं नीट लिहूनच काढावं. कारण तिच्यासारखे खूप जण आहेत, क्लासवाले, ट्रान्सपोर्टवाले, दवाखानेवाले, ज्यांना हे कोणी धड समजावून सांगत नाही आणि सही मात्र लगेच मागतात.

आपल्याकडे काम द्यायच्या दोन रीती पहिल्यापासून आहेत. एक उक्तं. म्हणजे गवंड्याला सांगायचं की ही भिंत, एवढी लांब एवढी उंच, सगळं मिळून किती घेशील बोल, तो आकडा सांगतो, घासाघीस होते, ठरतं, आणि मग त्याला चार दिवस लागोत की आठ, तो त्याचा प्रश्न. दुसरी रोजावर. मिस्त्रीचा रोज इतका, हाताखालच्या बिगाऱ्याचा इतका, जितके दिवस काम चालेल तितके रोज मोजायचे, सिमेंट वाळू मालकाची. सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याला फिक्स्ड प्राइस म्हणतात आणि दुसऱ्याला टाइम अँड मटेरियल, बोलताना नुसतं टी अँड एम. टाइम म्हणजे माणसांचे तास, मटेरियल म्हणजे सर्व्हरचं भाडं, ओटीपीचे एसएमएस, ॲपमध्ये नकाशा दाखवायचे पैसे, एखादं लायसन्स लागलं तर ते. मैत्रिणीच्या हातात होतं ते रोजावरचं कोटेशन, आणि रोजावर माणूस लावताना एकूण रक्कम कोणीच सांगत नाही, फार तर अंदाज सांगतात.

मग कुठलं काम उक्तं द्यायचं आणि कुठलं रोजावर? याचं उत्तर मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळालं नाही इतकं स्वच्छ आजोबांच्या विहिरीत मिळालं. गावी विहीर खणायची होती तेव्हा वरच्या मातीचं काम त्यांनी उक्तं दिलं, कारण माती किती आणि ती उपसायला किती दिवस हे सगळ्या गावाला माहीत. खाली मुरूम, आणि त्याच्या खाली कातळ. तो कुठे लागेल, किती जाड असेल, सुरुंग लावावे लागतील की पहारीने भागेल, हे वरून बघून कोणी सांगू शकत नव्हतं. खणणाऱ्यांनी सरळ सांगितलं की कातळाचं उक्तं घेणार नाही, घ्यायलाच लावलंत तर आकडा दुप्पट सांगू. आजोबांनी कातळ रोजावर केला आणि काम चाललं तेवढे दिवस सकाळपासून स्वतः विहिरीच्या काठावर जाऊन बसले. सरकारच्या बांधकाम खात्याच्या दरसूचीतसुद्धा बघा, खोदाईचा एकच दर नसतो, माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक, सगळ्याचे वेगळे.

सॉफ्टवेअरमध्ये कातळ भरपूर असतो. बॅरी बोहम नावाचे अमेरिकन संशोधक होते, त्यांनी १९८१ मध्ये मांडलं होतं की अगदी सुरुवातीला, नुसती कल्पना डोक्यात असताना काढलेला अंदाज चारपट कमी किंवा चारपट जास्त इतका चुकू शकतो. म्हणजे पहिल्या मीटिंगला कोणी १० लाख म्हणालं तर प्रत्यक्षात अडीच लाखांपासून ४० लाखांपर्यंत काहीही निघू शकतं. काम जसं पुढे सरकतं, स्क्रीन ठरतात, नियम कळतात, तशी ही दरी कमी होत जाते. उक्तं कोटेशन मात्र मागितलं जातं ते नेमकं सुरुवातीला, दरी सगळ्यात मोठी असताना. मग कंपनी काय करते, कातळ लागेलच असं धरून आकड्यात भर टाकते. लागला नाही तर ते पैसे तुमचे गेले, आणि अंदाजापेक्षा जास्त लागला तर कंपनी काम उरकायला बघते, त्यातही नुकसान तुमचंच. मला हे दुसरं जास्त घातक वाटतं कारण ते लगेच दिसत नाही.

मी स्वतः यातून गेलेय. आधीच्या एका कंपनीत, मी टेस्टर होते तेव्हा, एका गोडाऊनचं सॉफ्टवेअर उक्तं घेतलं होतं, चार महिन्यांत करून द्यायचं. करारात एक ओळ होती, "सर्व आवश्यक रिपोर्ट्स". आमच्या सेल्सवाल्याने सहा रिपोर्ट मोजले होते आणि क्लायंटच्या अकाउंट्सवाल्या बाईंच्या डोक्यात होते बावीस. दोघंही खोटं बोलत नव्हते, त्या बाई खरंच दर महिन्याला बावीस कागद काढायच्या. पण त्या एका ओळीवरून दोन महिने मेल चालले, हे स्कोपमध्ये म्हणजे ठरलेल्या कामात आहे, हे नाही, हे चेंज रिक्वेस्ट म्हणजे नंतर मागितलेला बदल आहे, याचे वेगळे पैसे. चार महिन्यांचं काम नऊ महिने चाललं आणि शेवटच्या तीन महिन्यांत आम्हाला वरून सांगितलं गेलं की आता मोठे बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, तेवढे बघा, छोटे राहू दे. रात्री साडेनऊला महापेहून बस पकडताना मला रोज वाटायचं की उद्या गोडाऊनमध्ये जो मुलगा हे वापरणार आहे त्याच्यावर आपण अन्याय करतोय. उक्त्या कामात प्रत्येक जास्तीचा तास कंपनीच्या खिशातून जातो, त्यामुळे चांगलं काम करायची इच्छा असलेल्या माणसालासुद्धा थांबवलं जातं.

आता याच्यावरून रोजावरचं कायम चांगलं असं समजू नका. तिथे प्रत्येक जास्तीचा तास तुमच्या खिशातून जातो. कंपनीने चार तासांचं काम सहा तासांत केलं तर तिला जास्त पैसे मिळतात, मैत्रिणीची भीती हीच होती आणि ती रास्त आहे. म्हणूनच आजोबा काठावर जाऊन बसले होते. रोजावर काम दिलं की मालक साइटवर हवा, सॉफ्टवेअरमध्येही हवा, फक्त इथे साइट म्हणजे काय आणि बसायचं कुठे हे कळलं पाहिजे, ते पुढे सांगते. त्याआधी रेट.

तासाचा रेट बघून लोक सगळ्यात जास्त बिथरतात. मैत्रिणीच्या कोटेशनमध्ये सीनियर डेव्हलपरचा तास १,४०० च्या आसपास होता, आणि तिने लगेच हिशोब केला की महिन्याचे १६० तास म्हणजे सव्वादोन लाख, त्या पोराला कंपनी तेवढा पगार देते का? नाही देत. समजा त्याला वर्षाला कंपनीचा सगळा खर्च धरून १२ लाख पडतात. वर्षातून शनिवार रविवार गेले की २६१ दिवस राहतात, सणवार, रजा, आजारपण, ट्रेनिंग काढलं की साधारण २२०, म्हणजे दिवसाला आठ तास धरून १,७६० तास. यातले सगळे तास क्लायंटला लावता येत नाहीत, दोन प्रोजेक्टच्या मधे माणूस रिकामा बसतो, कंपनीच्या आतल्या मीटिंगा असतात, तेव्हा ८० टक्के धरले तर १,४०८ तास. १२ लाखांना १,४०८ ने भागा, तासाला साधारण ८५२ रुपये आले. त्यावर ऑफिसचं भाडं, लॅपटॉप, एचआर, अकाउंट्स, सेल्स मिळून समजा ४० टक्के चढवले की ११९३, आणि त्यावर २० टक्के नफा, १,४३२. हे आकडे मी समजायला घेतलेत, प्रत्येक कंपनीचे टक्के वेगळे असतात, पण सांगाडा हाच. त्यामुळे कोणी खूपच कमी रेट सांगत असेल तर मला आनंद होत नाही, मी विचारते की यातलं काय कमी केलं. बहुतेक वेळा उत्तर असतं अनुभव. आणि अनुभव कमी असलेला माणूस स्वस्त तासात तेच काम दुप्पट तास घेऊन करतो, शिवाय ते नंतर परत करावं लागतं, म्हणून दोन कंपन्यांचे नुसते रेट शेजारी ठेवून काही कळत नाही.

महिन्याचं बिल कसं दिसतं तेही बघा. धरून चाला की एक सीनियर पूर्णवेळ, १६० तास, १,५०० ने २,४०,०००. दोन ज्युनियर, ३२० तास, ८०० ने २,५६,०००. टेस्टर अर्धावेळ, ८० तास, ६०० ने ४८,०००. प्रोजेक्ट मॅनेजर ४० तास, १,८०० ने ७२,०००. झाले ६,१६,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,१०,८८०. एकूण ७,२६,८८०, आणि सर्व्हर एसएमएसचं वेगळं. जीएसटीचं मी मुद्दाम सांगतेय कारण ज्यांच्या धंद्याला जीएसटी लागतो त्यांना या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, पण मैत्रिणीसारख्या आरोग्यसेवा देणाऱ्यांच्या सेवेवर जीएसटीच नाही, म्हणून क्रेडिटही नाही, तिला हा सगळा खर्चच धरायला हवा. तिच्या डोक्यात हे अजिबात नव्हतं.

या बिलात एक गोष्ट लक्षात येतेय का, पूर्णवेळ धरलं तर जेमतेम चार माणसं बसली की दर आठवड्याला दीड लाखाच्या वर जातात, काम पुढे गेलं तरी आणि अडून बसलं तरी. आमच्याकडे याला बर्न म्हणतात. आणि काम कशामुळे अडतं माहितीये, बहुतेक वेळा क्लायंटच्या उत्तरामुळे. डेव्हलपर विचारतो की पेशंटने अपॉइंटमेंट दोन तास आधी कॅन्सल केली तर पैसे परत द्यायचे का, आणि डॉक्टर बाई तीन दिवस कामात असतात. उक्त्या कामात ते तीन दिवस कंपनी सोसते, रोजावरच्या कामात तुम्ही. म्हणून सगळ्यात आधी तुमच्याकडून एक माणूस ठरवा जो त्याच दिवशी उत्तर देईल आणि ज्याला निर्णय घ्यायची परवानगी आहे. असा माणूस देता येत नसेल तर मी तरी रोजावर काम देऊ नका असंच सांगेन.

आता साइटवर बसणं म्हणजे काय. पहिली गोष्ट टाइमशीट. प्रत्येक माणसाने कुठल्या दिवशी कुठल्या कामाला किती वेळ दिला त्याचा तक्ता, आणि तो महिन्याच्या शेवटी बिलाबरोबर नको, दर आठवड्याला हवा. त्यात "डेव्हलपमेंट, ८ तास" असं पाच दिवस ओळीने लिहिलेलं असेल तर तो कागद निरुपयोगी आहे, परत पाठवा. "अपॉइंटमेंट कॅन्सल करण्याची स्क्रीन, तिकीट नंबर ४२, साडेतीन तास" असं हवं, तिकीट म्हणजे एका छोट्या कामाची नोंद, म्हणजे ते तिकीट जिरा किंवा कामांची यादी ठेवायला जे काही सॉफ्टवेअर वापरत असतील त्यात उघडून बघता येतं. आणि जिराचा ॲक्सेस तुम्हाला द्यायला सांगा, वाचायला येत नाही असं म्हणू नका, दोन आठवड्यांत सवय होते. मीटिंगचे तास विशेष बघा, पाच जणांची एक तासाची मीटिंग म्हणजे बिलात पाच तास, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही आणि मग पूर्ण टीमला रोज कॉलवर बोलावतात. सगळ्यांची खरंच गरज आहे का ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते टाइमशीटपेक्षाही मोठी, दर आठवड्याला नाहीतर दोन आठवड्यांनी चालतं काम हातात घेऊन बघणं. प्रेझेंटेशन नाही, इतके टक्के झालं असा मेल नाही. ॲप तुमच्या फोनवर टाकून द्यायला सांगा आणि स्वतः अपॉइंटमेंट घेऊन बघा. टाइमशीटमध्ये खोटं लिहिता येतं पण जे चालत नाही ते चालतंय असं तुमच्याच फोनवर दाखवता येत नाही. तास जातायत आणि सलग दोन डेमोंमध्ये नवीन काहीच दिसत नाहीये, असं झालं तर तिसऱ्याची वाट बघू नका, त्याच दिवशी विचारा. खरंच कातळ लागलेला असू शकतो, आणि चांगली टीम असेल तर ती तुम्हाला नीट सांगेल की काय अडलंय आणि कुठले दोन रस्ते आहेत.

उशीर व्हायला लागला की क्लायंट घाबरून म्हणतो अजून दोन माणसं लावा. फ्रेड ब्रुक्स म्हणून होते, आयबीएममध्ये खूप मोठं सॉफ्टवेअर त्यांच्या देखरेखीखाली झालं, त्यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टला माणसं वाढवली की आणखी उशीर होतो. नव्यांना समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि रोजावरच्या कामात समजावणाऱ्याचे आणि समजून घेणाऱ्याचे दोघांचेही तास तुमच्या बिलात येतात. तेव्हा माणसं वाढवायच्या आधी काम कमी करता येतंय का ते बघा.

काम कमी करता येणं, हीच तर रोजावरच्या पद्धतीची खरी ताकद आहे आणि ती मला तुर्भ्याच्या फळ मार्केटमधल्या एका काकांमुळे पटली. एपीएमसीत त्यांचा आंब्याचा गाळा, कोकणातल्या बागायतदारांच्या पेट्या येतात, विकायच्या, हमाली वगैरे कापून शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, करून द्यायची. त्यांना हे सगळं कंप्युटरवर हवं होतं आणि मार्चच्या आत हवं होतं, कारण एकदा हापूस सुरू झाला की गाळ्यावर श्वास घ्यायला वेळ नसतो. पहिल्या दिवशी म्हणाले, "मॅडम, मला घोळ नको, एक आकडा सांगा." मी सांगितला नाही. म्हटलं काका, आधी दोन आठवडे आम्हाला तुमच्या गाळ्यावर बसू द्या, त्याचे ठरावीक पैसे घेते, नंतर आकड्याबद्दल बोलू. पहाटे चारला आमची दोन मुलं तिथे जाऊन बसली, आणि दुसऱ्याच आठवड्यात काकांच्या मेहताजींनी, म्हणजे हिशोब ठेवणाऱ्यांनी, वही उघडून दाखवली तेव्हा कळलं की पट्टी म्हणजे साधी वजाबाकी नाहीच. कुणाला पावसाळ्यात उचल दिलेली असते ती हप्त्याने कापायची, कुणाची सगळी एकदम, खराब निघालेल्या पेट्यांचं कुणाशी काय बोलणं झालंय ते मेहताजींच्याच डोक्यात. हा आमचा कातळ होता. पहिल्या दिवशी आकडा दिला असता तर तो सपशेल चुकला असता, आणि मग पुढे तेच, स्कोपमध्ये आहे की नाही.

मग आम्ही असं केलं की काम तासावर, पण वर मर्यादा बांधली, कॅप म्हणतात त्याला. तास इतक्याच्या वर जाणार नाहीत, आणि ८० टक्के तास संपले की आम्ही लेखी कळवायचं, उरलेल्यात काय काय बसतंय ते एकत्र बसून ठरवायचं. आणि काकांनी तसं बसून ठरवलं हो, दर शुक्रवारी दुपारी, मार्केट थंडावलं की. मूळ यादीत शेतकऱ्यांसाठी वेगळं मोबाइल ॲप होतं, काका त्याच्यावर अडून होते, पण पट्टीचा हिशोब चालू झाल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की बागायतदाराला पट्टी व्हॉट्सॲपवर गेली की तो खूश आहे, त्याला ॲप नकोच आहे. ते ॲप कापलं आणि ते तास उचलीच्या हिशोबाला गेले. उक्त्या करारात हे करायला गेलो असतो तर कंपनी म्हणाली असती ॲपचे पैसे ठरलेत ते द्या आणि उचलीचे वेगळे. फेब्रुवारीच्या शेवटी सॉफ्टवेअर गाळ्यावर चालू झालं, मर्यादेच्या आत. मला अजून ते काम आठवलं की छान वाटतं.

तर मैत्रिणीला मी तेच सुचवलं, आधी छोटा ठरावीक पैशांचा तुकडा, त्यातून स्क्रीनचे आराखडे आणि तासांचा अंदाज, एक आकडा नको, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन, आणि मग मर्यादा घालून तासावर. कामच अगदी ठरलेलं असेल, चार पानांची वेबसाइट, किंवा तयार सॉफ्टवेअर बसवून देणं, तर सरळ उक्तं द्या, ती माती आहे, तिथे तासांच्या भानगडीत पडायची गरज नाही. ॲप चालू झाल्यावर देखभालीला महिन्याचे ठरावीक तास आधीच घेऊन ठेवायची पद्धत असते, त्यात न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जातात की बुडतात तेवढं विचारा.

बगचं काय? हे कोटेशनमध्ये सहसा लिहिलेलं नसतं, आणि लिहिलेलं नसेल तर रोजावरच्या कामात चूक त्यांची आणि ती दुरुस्त करायचे तासही तुमच्याच बिलात. काही प्रमाणात ते बरोबर आहे, बग शून्य असं सॉफ्टवेअर नसतं आणि चालू कामात ते निघत राहतात. पण एखादा भाग तुम्ही तपासून मान्य केल्यावर पुढचे ३० किंवा ६० दिवस त्यात निघालेल्या चुका फुकट दुरुस्त करायच्या, एवढं मागा, चांगली कंपनी देते. तसंच माणसांचं. सुरुवातीच्या मीटिंगला दहा वर्षं अनुभवाचा माणूस आणतात आणि कामाला वेगळाच बसतो, हे आमच्या धंद्यात होतं आणि मला त्याची चीड आहे. टीममधली नावं करारात लिहून घ्या, माणूस बदलला तर नव्याला काम समजायला लागणारे तास कंपनीचे, तुमचे नाहीत, हेही लिहून घ्या.

हल्ली एक नवीन प्रश्न सगळे विचारतात की आता तर एआय कोड लिहितं, मग तासाचे पैसे कशाला? प्रश्न चांगला आहे. काही कामं खरंच लवकर होतात, साच्यातल्या स्क्रीन, टेस्ट लिहिणं, पण मेहताजींच्या डोक्यातली उचल बाहेर काढायला माणसालाच बसावं लागतं आणि वेळ तिथेच जातो. पण हिशोब असा आहे की वाचलेल्या वेळेचा फायदा उक्त्या कामात कंपनीला मिळतो आणि रोजावरच्या कामात तुम्हाला, अर्थात तास खरे लिहिले असतील तरच. म्हणून आता सरळ विचारायला हरकत नाही की तुमची टीम असली टूल वापरते का, आणि अंदाज काढताना ते धरलंय का.

पैसे द्यायच्या बाजूनेही एक सांगते, मी दोन्हीकडचं बघितलंय. छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचा पगार तुमच्या बिलातून होतो. कंपनी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने तिचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, करार नसेल तर १५, आणि उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. एखाद्या तिकिटावरून वाद असेल तर तेवढी ओळ अडवा, पूर्ण बिल अडवून ठेवू नका, टीम दुसऱ्या प्रोजेक्टवर निघून जाते आणि परत येत नाही.

आणि कॉपीराइट. हे मी ट्रेनमध्ये ठाणे आल्यावर उतरता उतरता सांगितलं, खरं तर पहिल्यांदा सांगायला हवं होतं. लोकांना वाटतं तासाचे पैसे दिले म्हणजे कोड आपला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकराने नोकरीत केलेलं काम मालकाचं असतं, पण बाहेरच्या कंपनीला पैसे देऊन कोड लिहून घेतला तर त्याची मालकी पहिल्यांदा त्या कंपनीकडेच असते, लेखी आणि सही करून तुमच्या नावावर केल्याशिवाय ती तुमची होत नाही. आणि त्या सही केलेल्या कागदात किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो, कुठल्या देशांसाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणून "कायमस्वरूपी आणि जगभरासाठी" हे शब्द करारात पाहिजेतच, आणि रोजावरच्या कामात मालकी दर बिलाचे पैसे दिले की त्या बिलापुरती तुमच्याकडे येते असं लिहून घ्या, म्हणजे मधेच थांबायची वेळ आली तर झालेलं काम हातात राहतं. थांबायची सोय पण हवी, ३० दिवसांच्या नोटिशीवर दोघांनाही, आणि त्या ३० दिवसांत सगळं समजावून सुपूर्द करायचं. कोड जिथे ठेवतात ते खातं, सर्व्हरचं खातं, डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, प्ले स्टोअरचं खातं, सगळं पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर. प्ले स्टोअरचे एकदाच २५ डॉलर लागतात आणि ॲपलचे वर्षाला ९९, तेवढ्यासाठी ते कंपनीच्या नावावर राहू देऊ नका. ठाण्यातल्याच एका क्लासवाल्या सरांना दोन वर्षं चालवलेलं ॲप नव्या खात्यावरून शून्यापासून परत टाकावं लागलं, शेकडो मुलांना जुनं काढून नवं डाउनलोड करायला सांगत बसले, कारण जुनं खातं ज्यांच्याकडे होतं त्यांनी फोन उचलणंच बंद केलं.

काल रात्री मैत्रिणीला फोन केला आणि विचारलं, डोमेन कोणाच्या नावावर आहे गं तुझं? म्हणाली, "अगं ते तर त्यांनीच घेऊन टाकलंय गेल्या आठवड्यात, म्हणाले मॅडम तुम्ही कशाला त्रास घेता." अजून करारावर सही झालेली नाही. आज सकाळी तिने त्यांना मेल टाकलाय, डोमेन आधी माझ्या नावावर करा, कॅप आणि कॉपीराइटचं कलम घाला, मग भेटू.